न विचारता वाटलेलं पान

आमच्या पाड्यावर अळंबी सापडली की ती सरळ चुलीवर चढत नाही. आधी पळसाच्या पानात गावदेवापुढे जाते. ज्याला वारुळावर दिसली त्याने आणून ठेवायची आणि भगताने आपल्या हाताने सगळ्यांना थोडी थोडी वाटायची. मग घरोघरी कालवण. यात एक नेम आहे. पानात काय आहे, कुणी आणलं, कुठून आणलं, हे भगताने विचारायचं नाही. विचारलं म्हणजे आणणाऱ्यावर संशय घेतला. आमचा भगत म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याने जन्मात कुणाला विचारलं नाही.

मी लग्न होऊन बोईसरजवळ सरावलीला आले, मुलगा कंपनीत लागला, पण पावसाळ्यात माहेरी जाऊन अळंबी आणायची आणि बोईसरच्या बाजारात पानावर मांडून बसायचं, हे काही सुटलं नाही. घरात बसून करमतच नाही मला, खरं सांगायचं तर.

पाड्याच्या खालच्या अंगाला एका शेटने रिसॉर्ट काढलं. आधी लोक धबधबा बघायला यायचे, मग आमच्या भिंतींवरची चित्रं. मग मोबाईलवर कुणी काय टाकलं कोण जाणे, गाडीतून उतरले की विचारायचे, देव दिसतो ती मशरूम कुठे मिळते? एकदा तर हातभर टॅटू काढलेली एक मुलगी दादाच्या ओटीवर येऊन बसली.

दादा तिला म्हणाला, "बाय, अळंबी खाऊन देव नाय दिसत. पोट भरतं."

"काका, तुम्ही लोक बाहेरच्यांना सांगत नाही, माहितीये मला."

"अगं, तशी असती तर मी चिखलात लावणी कशाला केली असती? बसलो असतो देवाशी गप्पा मारत!"

वहिनी आणि मी पोट धरून हसलो. त्या मुलीने मात्र आम्ही काहीतरी लपवतोय असंच धरलं. पाहुण्यांना काय हवंय ते शेटनेही हेरलं असणार.

त्यानंतर तो स्वतः आला. "भगतबाबा, जागेची पूजा करायचीये. पाहुणेपण असतील." नवी जागा, देवाला मान द्यायलाच हवा, म्हणून दादा धुतलेलं धोतर नेसून गेला. मी तिथे नव्हते. सगळ्या बोईसरने मोबाईलवर पाहिलं तसं मीही नंतर पाहिलं. दादाने तांदळाच्या राशी मांडल्या, नारळ ठेवला. शेटने पुढे पान सरकवलं, त्यात काहीतरी काळपट, सुकलेलं. बाहेरून कुठून तरी मागवलेलं. दादाने ते पान उचललं आणि गोलात बसलेल्या एकेकाच्या हातावर ठेवत गेला. डोळे खाली घालून, आमच्याकडे वाटतो तसंच.

त्यातला एक तरुण थोड्या वेळाने ओरडत पळत सुटला आणि खडकावरून खाली पडला. त्याची कंबर गेली. कुणाच्या तरी घरचं लेकरू ते, मला अजून त्याचं वाईट वाटतं. पोलीस आले तेव्हा शेट म्हणाला, "ही यांची पूर्वापार चाल आहे, साहेब. त्यांच्या भगतानेच दिलं, व्हिडिओ बघा."

चौकीत वहिनी आणि मी बाकावर बसलो होतो. साहेबाने दादाला विचारलं, "पानात काय होतं माहीत नव्हतं?"

"नाय."

"मग विचारलं का नाहीस?"

"देवापुढचं विचारत नाय, साहेब."

"म्हणजे वाटलंस तूच?"

"हां. मीच वाटलं."

वहिनीने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. दादाला खोटं बोलता येत नाही, काय करणार?

पालघरला कोर्टात आमचा वकील समजावत होता की गुन्हा अळंबीचा की तिच्या आतल्या नशेच्या द्रव्याचा, यावर वकिलावकिलांत अजून वाद आहे. दादा म्हणाला, "ती आमची अळंबी नव्हतीच, हे कुठं सांगायचं?" वकील म्हणाला, ते नंतर. भातं कापून झाली तरी दादा आतच होता. शेटलाही धरलं होतं, पण तो आधी सुटला. रिसॉर्ट आता पुन्हा चालू आहे, भिंतीवर आमचीच चित्रं आहेत.

दादा जामिनावर आला. खटला चालूच आहे. इकडे बाजारात कंपनीतली पोरं जाता जाता विचारतात, "मौसी, उड़नेवाली है क्या?" मी म्हणते, "उडती तो मैं इधर बैठती क्या?" ती हसतात आणि पुढे जातात. पण नेहमीच्या बायकाही लांबून म्हणतात, "ती नाही ना ही, मावशी?" पाटी भरलेली घरी आणते मी.

यंदा वारुळावर भरपूर अळंबी आली. पांढरी, कोवळी, कळ्यांसारखी. पहिली मलाच दिसली. पान भरून देवापुढे ठेवलं. सगळा पाडा जमला होता. दादाने पान उचललं, नाकाजवळ नेलं, आणि माझ्याकडे बघितलं.

"ही कुठली?"

वहिनीने पदर तोंडाशी धरला.

"आपल्याच वारुळाची, दादा," मी म्हणाले.

"तूच काढली?"

"मीच."

मग त्याने पान परत खाली ठेवलं आणि हात धोतराला पुसले. "घ्या ज्याची त्यानं," म्हणाला.

लोकांनी वाकून आपलं आपण घेतलं, कुणी घेतलंही नाही. मी माझा वाटा घेऊन घरी आले. कालवण केलं. मुलगा म्हणाला चांगलं झालंय. मी माझं ताट तसंच झाकून ठेवलं.