बाणाला बाण

मिस्त्री ट्रकच्या केबिनमध्ये चढायच्या आधी चपला काढून खाली ठेवायचे. नीट, जोडीनं, देवळाबाहेर ठेवतात तशा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस फार श्रद्धाळू दिसतो. गाडीला लक्ष्मी मानणारे पुष्कळ असतात, तुम्हीही पाहिले असतील. मी तसं बोलून दाखवलं तर हसले.

"भक्ती न्हाई रं. तळव्याला कळतंय. चपलंला काय कळणार?"

मग ड्रायव्हरशेजारी बसून दोन्ही उघडे पाय तापलेल्या पत्र्यावर टेकवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आदी बसू, मग बगू. चल."

गाडी कितीही खडखडत येवो, चालत्या गाडीत बसल्याशिवाय हा माणूस पान्याला हात लावत नसे. उंब्रजला पाटणच्या फाट्यावर त्यांचं पत्र्याचं शेड होतं. आत बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली फौजेतल्या सोबत्यांबरोबरचा एक फोटो. फौजेत त्यांनी गाड्याच दुरुस्त केल्या आणि हवालदार होऊन परत आले. एकदा अशीच एक गाडी बघायला म्हणून गेले आणि ती गाडी मल्हारपेठेत बंदच पडली. मिस्त्री वडापच्या जीपनं, इतर सवाऱ्यांत कोंबून, अनवाणी परत आले. तोवर शेडसमोरच्या जोडीतली एक चप्पल कुत्र्यानं पळवली होती. त्यांची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "फौजेतनं धड आलासा, आन् मल्हारपेठंतनं एका चपलंवर." फाट्यावर हे वाक्य वर्षभर चाललं.

मी तिथला नव्हे. माझं गाव किनवटच्या पुढं. सातवीत शाळा सुटली, क्लीनर म्हणून निघालो, आणि नव्वदनंतरच्या त्या वर्षांत फिरत फिरत फलटणच्या एका मालकाकडं पोचलो. मालक रिटायर सुभेदार, उसाचं रान आणि चार ट्रक बाळगून. त्यांनी माझ्या हातात पहिल्यांदा स्टेअरिंग दिलं. फलटणहून साखर भरायची, पाटण, कोयनेवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला टाकायची, येताना जांभा दगड आणायचा. घरी मी कळवून टाकलं होतं की आता पक्का ड्रायव्हर झालो. आईनं ते गावभर सांगितलं होतं. पण मी भित्रा माणूस. आरशात मागं कुठलीही जीप दिसली तरी वाटायचं, मालक आले, आता उतर म्हणतील.

तशी वेळही आली. माझ्या गाडीच्या शाफ्टचा क्रॉस पुन्हा पुन्हा जायला लागला. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणारा लांब लोखंडी दांडा म्हणजे शाफ्ट, आणि त्याच्या सांध्यात अधिकच्या चिन्हासारखा बसतो तो क्रॉस. त्याची चारही टोकं बारीक सुयांच्या टोपणात फिरतात. ती झिजली की गिअर टाकताना खालून टक् असा आवाज येतो आणि वेग धरला की सगळा पत्रा थरथरतो. मिस्त्रींनी एकदा क्रॉस बदलून दिला. नवा बसवून ग्रीस मारताना ते चारही टोकांतून ग्रीस बाहेर येईतो थांबत. "तीनच तोंडातनं आलं म्हंजी एक पोरगं उपाशी ऱ्हायलं," म्हणत. त्या दिवशी मलाही जेवायला बसवलं. घरात ते, वहिनी आणि मुलगी. वहिनींना म्हणाले, "चौथं तोंड आलंय, वाढ." घर सोडल्यापासून पाटावर बसून जेवायची ती माझी पहिली वेळ होती.

पण पावसाळा सरायच्या आत तोही क्रॉस वाजायला लागला. सुभेदारांनी मला फलटणला उभं केलं. गाडी तीच, रस्ता तोच, ड्रायव्हर तेवढा नवा, असा त्यांचा हिशेब. क्लच सोडतोस का आपटतोस, विचारलं. पुन्हा क्रॉस गेला तर किल्ली ठेवायची आणि गावची वाट धरायची, हेही सांगितलं. एकदा गाडी मोडणारा म्हणून नाव झालं की कुठल्याच अड्ड्यावर कुणी स्टेअरिंग देत नाही. हे मला माहीत होतं, त्यामुळं मी क्लच असा सोडायचो जसं झोपलेल्या लेकराच्या डोक्याखालून हात काढावा.

तरी तो गेलाच. कोयनेच्या चढाला टक् झालं. रेंगाळत उंब्रजला आलो, तिथून बूथवरून सुभेदारांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, उद्या येतो.

मिस्त्रींनी चपला काढल्या. बसले. मल्हारपेठेपर्यंत जाऊन आलो. वाटेत त्यांनी मला चारदा गाडी थांबवून पुन्हा उचलायला लावली. शेडपाशी आल्यावर म्हणाले, "तुझा क्लच गुळावानी हाय गड्या. मग ह्यो थरथराट कुणाचा?"

ते गाडीखाली गेले. नेहमीसारखी शाफ्टवर खडूनं खूण केली, उतरवला, जुना क्रॉस ठोकून काढला. सुयांचा लाल भुगा झाला होता. मग काय मनात आलं कोण जाणे, रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन शाफ्टवरचे ग्रीसचे आणि रंगाचे जुने थर खरवडायला बसले. बराच वेळ झाला. चहा निवून त्यावर साय धरली. शेवटी मला हाक मारली.

शाफ्टचे दोन भाग दात्यांनी एकात एक सरकतात. दोन्ही भागांवर कंपनीनं एकेक बाण कोरलेला होता. ते बाण समोरासमोर यायला हवेत. आमच्या शाफ्टवरचे बाण दोन दात्यांनी सरकलेले होते. मी या गाडीवर चढायच्या थोडंच आधी कुणीतरी शाफ्ट उघडला होता आणि चुकीचा जोडला होता. तेव्हापासून फिरताना तो झटके खायचा आणि क्रॉस खाऊन टाकायचा.

मिस्त्री खाली मान घालून बोलले. "आन् मी काय केलं? खडूनं खूण केली आन् जसं हुतं तसंच पुन्ना बसवलं. अगदी इमानदारीनं चूक बसवली बग."

मी म्हणालो, मालकाला हे कोण सांगणार? माझं तर ते ऐकणारही नाहीत.

"मी सांगणार की."

"तुम्ही काहून?"

"काहून म्हंजी? बसवला कुणी?"

माझ्या गावाकडच्या, 'का' अर्थाच्या 'काहून'ची ते एरवी नक्कल करायचे. त्या दिवशी केली नाही.

दुसऱ्या दिवशी सुभेदार जीपमधून आले. पायात चकचकीत बूट. मागच्या सीटवर एक अनोळखी माणूस, मांडीवर कपड्यांची पिशवी घेऊन. तो कोण, हे मला न सांगता कळलं. माझी पिशवी केबिनमध्येच होती. मी ती उचलायला निघालो तर मिस्त्रींनी मनगट धरलं.

त्यांनी नवा क्रॉस बसवून ठेवला होता, पण शाफ्ट मुद्दाम जुन्याच खुणेवर जोडला होता. सुभेदारांना म्हणाले, "साहेब, बूट काडा."

"काय?"

"आदी बसू, मग बगू. गाडी तुमच्या ह्या नव्या ड्रायव्हरला चालवू द्या."

फाट्यावरची माणसं गोळा झाली. सुभेदारांनी आधी बुटांकडं पाहिलं, मग मिस्त्रींकडं, आणि टायरवर बसून नाड्या सोडल्या. नव्या ड्रायव्हरनं गाडी काढली. सुभेदार आणि मिस्त्री दोघे अनवाणी शेजारी शेजारी. परत आले तेव्हा सुभेदारांच्या कपाळाला आठ्या होत्या. क्रॉस नवा, ड्रायव्हर नवा, आणि पत्रा तसाच थरथरत होता.

मग मिस्त्रींनी त्यांच्यासमोर शाफ्ट सोडवला, बाणाला बाण लावला, जोडला, आणि मला म्हणाले, चल. मी चालवली. कसं सांगू, गाडी पाण्यावरून जावी तशी गेली. सुभेदार आपल्या पायांकडं बघत बसले होते.

खाली उतरल्यावर मिस्त्री सगळ्यांदेखत ताठ उभे राहिले. "साहेब, चूक ह्या पोराची न्हाई. मागल्या खेपंला शाफ्ट मी बसवला. खूण बगितली, बाण बगितला न्हाई. चूक माझी हाय."

"फौजेत असतास तर काय झालं असतं हवालदार?"

"शिक्षा झाली आसती. हितं तुमी द्या."

सुभेदारांनी बूट चढवले. पिशवीवाल्याला म्हणाले, "चल, तुला फलटणला सोडतो." जीपमध्ये बसता बसता माझ्याकडं न बघताच म्हणाले, "चिपळूणचा माल येळंत पोचला पायजे."

शिक्षा मात्र त्यांनी दिलीच. उरलेले तीन ट्रक पुन्हा कधी त्या शेडला आले नाहीत. फाट्यावर चार जण म्हणायला लागले, मिस्त्री पण चुकतोय म्हणं. मला आत तुटायचं. एकदा तसं बोललो तर ग्रीसची पिचकारी माझ्या हातात देऊन म्हणाले, "चौथं तोंड बग, आलं का?"

त्या गाडीवर मी बरीच वर्षं राहिलो. पुढं घरच्या ओढीनं किनवटकडं परतलो, तिकडंच गाडी धरली. मिस्त्री गेल्याचं मला फार उशिरा कळलं. रस्ता रुंद होताना शेडही गेलं होतं. मी उंब्रजला जाऊन वहिनींना भेटलो. त्यांनी काही न विचारता ताट वाढलं.

परतताना कराडच्या एका ढाब्यावर माझी ती जुनी गाडी उभी दिसली. रंग बदललेला, मालक बदललेला, पण मागच्या फळीवरचा जांभ्याचा ओरखडा मी ओळखला. चपला काढून बाजूला ठेवल्या आणि खाली शिरलो. अंगठ्यानं ग्रीस पुसत गेलो. दोन्ही बाण होते तिथंच होते, एकमेकांकडं तोंड करून. त्यांच्या शेजारी छिन्नीनं खोल कोरलेल्या दोन रेघा होत्या. मिस्त्रींनी कधी कोरल्या, मला ठाऊक नव्हतं. पुढच्या मिस्त्रीला ग्रीसखालीसुद्धा बोटानं कळाव्यात म्हणून कोरल्या असणार.

वरून कुणीतरी वाकून विचारलं, "काय हरवलं का काका?"

"न्हाई," मी म्हणालो, आणि ग्रीस होतं तसं परत सारखं केलं.