पिकल्या केसांचं परकर-पोलकं

किस्से काही कोणी जमवत नाही. लेकरांचे कपडे ट्रंकेत जमतात तसे तेही जमतात. एक वर ठेवावा तर खालचे चार दबतात, आणि खालचा एक ओढावा तर सगळेच बाहेर येतात.

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती. नांदुऱ्याला आमच्या घरी दुपारी ट्रंक उघडली जायची. मी, सासूबाई, मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, धाकटी बहीण आत्याबाई आणि शेजारच्या कमलताई. आठ दिवसांवर वरवट बकालला लग्न होतं, आणि माझी गौरी जाणार असं ते पहिलंच. आमच्या घरची रीत अशी, की लेकराला पहिल्या लग्नात नवं घालायचं नाही. ट्रंकेतलं घालायचं, आणि तेही पिकल्या केसांचं. म्हणजे ज्याचं होतं तो म्हातारा होईस्तोवर जगलेला हवा.

गौरी तीन वर्षांची. सगळा पावसाळा तापात काढलेली. तेव्हा कुठला कपडा कोणाचा आणि कधीचा, हे मला अगदी खात्रीनं हवं होतं.

\*

मी मॅट्रिक. म्हणून वही काढली. शिंपल्याची गुंडी म्हणजे सर्वांत जुनी, मग काचेची, मग प्लास्टिकची, असा तक्ता आखला. पहिलाच कोट हाती आला तर त्याला तिन्ही गुंड्या! मी तासभर विचार करून सांगितलं, की हा संक्रमणकाळातला असावा.

आत्याबाई म्हणाल्या, "तीन लेकरांनी घातला, तिघांनी गुंड्या तोडल्या. याच्यात मॅट्रिकचं काय काम?"

\*

मग मी दुमडी मोजायला लागले. फ्रॉक आखूड झाला की खालची दुमड उसवून लांब करतात, आणि जुन्या दुमडीची फिकट रेघ राहते. झाडाच्या खोडातल्या कड्यांसारखी. निळ्या साटिनच्या एका फ्रॉकला चार रेघा होत्या. मी म्हटलं, चार वर्षं वापरलेला.

तो फ्रॉक निघाला कमलताईंकडून आलेला. त्या म्हणाल्या, एकाच उन्हाळ्यात चार लग्नं होती आणि बहिणीही चार. दर लग्नात पुढची घालायची आणि आई आदल्या दिवशी उसवत बसायची.

मी वहीत चारच्या जागी एक केलं.

\*

आत्याबाईंना मात्र वही लागत नसे. त्या कपडा नाकाशी धरत. कडुनिंबाचा पाला म्हणजे त्यांच्या आईच्या हातचं. कापूर म्हणजे सासूबाईंच्या काळचं. डांबरगोळी म्हणजे मी आल्यानंतरचं. घराचा इतिहास असा तीन बायकांत संपला.

आपल्यालाही एक वास असणार आहे, आणि कधीतरी कोणीतरी डोळे मिटून तो ओळखणार आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं. बाहेर मालगाडी चालली होती, फार वेळ. कडुनिंबाचा वास असलेलं एक झबलं मी तोंडावर धरून तशीच बसून राहिले. डबे संपले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "झोपली का वो?"

\*

जांभळा मखमली कोट ह्यांचा, असं सासूबाईंचं म्हणणं. ह्यांनी साफ नाकारलं. असला कोट आपण जन्मात घातला नाही म्हणे. आत्याबाईंनी उजवी बाही उजेडात धरली. मनगटापासून कोपरापर्यंत मखमल झिजून चकाकत होती.

"नाक पुसाची सवय," त्या एवढंच बोलल्या. ह्यांनी नेमकी तेव्हाच सदऱ्याची बाही नाकाला लावलेली!

कमलताईंनी ह्यांची समजूत घातली, की कोटच होता ना, आमच्या दादाले तर पाच वर्षांचा होईस्तोर नथ होती. त्याच्या आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून पोरगी म्हणून वाढवला.

\*

आणि मग ते निघालं. अगदी तळाशी, हिरवं रेशमी, बारीक जरीच्या काठाचं परकर-पोलकं. गौरीनं ते ओढून अंगावर चढवलं आणि काही केल्या काढेना. बसलं होतं जसं काही तिच्याच मापाचं.

टाके हातचे, म्हणजे घरात मशीन येण्याआधीचं. वास कडुनिंबाचा. परकराला आतून एक खिसा शिवलेला, तसा कुठल्याच परकराला पाहिला नव्हता. दुमडीच्या रेघा तीन, आणि पुढे काहीच नाही.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "माहं नाही. आन् घरात पोरगी मी एकटीच." मग जरा थांबून, "दादाच्या, म्हणजे तुह्या मामाजींच्या, आधी दोन लेकरं गेली होती म्हणतात. त्यातली एखादी पोरगी असंन."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "काढून ठेव."

गौरी अंगणात गिरक्या घेत होती. मी तिच्यामागे धावले, तिला धरलं, आणि बंद सोडू लागले. ती रडायला लागली. मीही.

एवढ्यात मामाजी चहाला आले. आडतीवरून दुपारी घरी येत, चहा घेत आणि जात. दिवसाकाठी दहा शब्द बोलत. कपड्यांचं त्यांना विचारावं, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पुरुषांना त्यातलं काय कळतं?

ते दारातच थांबले. गौरीकडे पाहत राहिले, चहा निवेपर्यंत.

"सूनबाई, खिसा पाह्य त्याचा. तळाले भोक असंन."

मी बोट घातलं. बोट खालून बाहेर आलं.

"मायनं दोनदा शिवलं," ते म्हणाले, "तरी माह्या गोट्या गळूनच जात."

मग पांढऱ्या केसांवर टोपी घातली आणि आडतीवर गेले. चहा तसाच राहिला.

वरवट बकालच्या लग्नात गौरीनं तेच घातलं. भोक मी शिवलं नाही.