फ्रेंचमधला होकार

नोएडाच्या ऑफिसात माझा जुना प्रोजेक्ट बंद झाला, तेव्हा मॅनेजरने दोन वाटा दाखवल्या. हैदराबादला बदली घ्या, नाहीतर फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळा. पण ती माणसं फ्रेंचमध्येच बोलतात. नवऱ्याची सरकारी नोकरी दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर, मुलगी बारावीला. मला घर सोडून कुठेही जायचं नव्हतं. म्हणून पंचेचाळिशीत फ्रेंच घेऊन बसले.

कॉलेजात मार्क मिळतात म्हणून घेतलेलं फ्रेंच थोडंफार शिल्लक होतं. त्यावर बेकरीतून पाव आणता आला असता, सर्व्हर सांभाळता आला नसता. वाटलं, कॉम्प्युटरचे शब्द तरी इंग्रजीच असतील. कसलं काय! या लोकांनी जवळजवळ प्रत्येक गोष्टीला घरचं नाव ठेवलंय. फाइल म्हणजे फिशिए, सॉफ्टवेअर म्हणजे लोजिसिएल, बॅकअप म्हणजे सोव्हगार्द. आधी मला रागच आला, मग हेवा वाटला. आमच्याकडे मी संगणक म्हटलं, तर दिल्लीत वाढलेली माझी लेक विचारते, "ये क्या होता है, आई?"

तीच माझी परीक्षक झाली. मी कोशिंबिरीची काकडी चिरायला घेतली की ओट्याशी उभी राहायची.

"डिलीट करणं?"

"सुप्रिमे."

"अच्छा. आणि पासवर्ड?"

उत्तर चुकलं की ती काकडीचा एक काप खायची. कोशिंबिरीला काकडी उरेना, तेव्हा मी मनापासून घोकायला लागले.

काम समजून घेण्यात काही आठवडे गेले आणि शेवटचा कॉल आला. ल्योंच्या मुख्य बाईंना मी पटले तर काम माझं, नाहीतर हैदराबाद. बाई सलग बोलत होत्या आणि मी सवयीने प्रत्येक वाक्याला "वी, वी" करत होते. फोनवर आपण हो, हो करतोच. नाही केलं तर समोरच्याला वाटतं, लाइन कटली. त्या होचा अर्थ एवढाच, की बोला, ऐकतेय. शेवटी बाई म्हणाल्या, छान, सोव्हगार्द तुम्ही तपासलाय म्हणता, तर जुना सर्व्हर आम्ही आत्ताच सुप्रिमे करतो.

ते दोन शब्द एका वाक्यात ऐकले आणि मी ताडकन सावरून बसले. बॅकअप मी दुपारी तपासणार होते. गप्प बसले असते तर अब्रू राहिली असती. बॅकअप बहुधा नीट निघालाही असता. पण बहुधावर कुणाचा सर्व्हर पुसायचा नसतो.

"आतांदे," मी म्हणाले. थांबा. तपासलेला नाही. मग मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं, की आमच्याकडे नुसतं ऐकतानाही हो म्हणतात. बोलताना हैदराबादची गाडी डोळ्यांपुढे दिसत होती.

मग बाई सावकाश म्हणाल्या, "न कळता हो म्हणणारे मला पुष्कळ भेटतात. चूक कळल्यावर थांबवणारे कमी. आधी तपासा. सोमवारपासून सर्व्हर तुमचे. फक्त मी बोलत असताना गप्प राहत जा."

संध्याकाळी साताऱ्याला आईला फोन लावला. बातमी सांगायच्या आतच तिने आपले गुडघे, शेजारचं बांधकाम, दुधाची पिशवी असं सगळं सुरू केलं. मी सकाळच्या धाकाने गप्प ऐकत होते.

"अगं, आहेस ना?" आई घाबरून म्हणाली.

"आहे गं आई," म्हणताना मला रडूच फुटलं. "इथेच आहे. दिल्लीतच राहतेय."