मधल्या भोकातला लांब स्क्रू

परळीच्या जुन्या गावातून स्टेशनाकडे उतरताना डाव्या हाताला चाँदभाईचं दुकान लागायचं. रेडिओ, टेप, टीव्ही, भोंग्याची मशीन, जे बिघडेल ते तिथं जायचं. दुकान पुढं, घर मागं आणि मधे धुऊन धुऊन विटलेला एक हिरवा पडदा. गिऱ्हाईक आलं की चाँदभाई मशीन हातात घ्यायचा, कानाशी नेऊन हलवायचा, हुंगायचासुद्धा, आणि म्हणायचा, "ठेवून जा. दुपारच्या नमाजीनंतर ये." गिऱ्हाईक पाठमोरं झालं की मशीन पडद्याआड जाई. तिथं त्याची बायको अजमतबी चटईवर वाट बघत बसलेली असे.

तीन वर्षं असं चाललं होतं आणि शेजारच्या गीताबाईखेरीज कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

चाँदभाईला साखरेचा आजार. तो डोळ्यांत उतरला. अंबाजोगाईच्या डॉक्टरनं सांगितलं, मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, हे आतलं दुखणं आहे, राहिली आहे तेवढी नजर जपा. माणूस त्याला चालीवरून ओळखू यायचा, आवाजावरून तो नाव सांगायचा. पण तांदळाएवढ्या पार्टावरचे रंगीत पट्टे कसे दिसावेत? पहिल्यांदा तो नुसतं विचारायचा, "बघ गं, हा पट्टा लाल हाय का तपकिरी?" मग म्हणू लागला, "इथं सोल्डर टेकव." मग काही म्हणायचंच बंद केलं. अजमतबीचं माहेर नेकनूरचं, पटवेकऱ्यांचं. काळे मणी ओवण्यात तिचं लहानपण गेलेलं. गल्लीतल्या निम्म्या बायांच्या गळ्यातली पोत तिच्या हातची होती. तिच्या बोटांना सोल्डर कसलं जड जातंय!

एक नेम मात्र दोघांनी पाळला होता. मशीन उघडायचं चाँदभाईनं, बिस्मिल्ला म्हणून, आणि मिटायचंही त्यानंच. मधलं काय ते तिचं. तिला वाटायचं, तेवढं तरी त्यांच्या हाताला राहू दे. नवऱ्याच्या हातातलं सगळंच काढून घेतलं तर त्या हातांनी करायचं काय?

ते साल दोन हजार चार किंवा पाच असेल. रेडिओ दुरुस्त करून घेणारे संपले होते. बाजारात इतका स्वस्त माल आला होता, की बिघडलं की लोक उकिरड्यावर टाकत. काम उरलं होतं ते लगीनसराईतल्या डीजेवाल्यांचं. या लोकांचं एकमेकांशी भारी सूत. एकानं एखाद्या मिस्त्रीचं नाव घेतलं की दहाजण त्याच्याकडंच यायचे, आणि एकानं थुंकलं की दहाजण पाठ फिरवायचे. चाँदभाईचं नाव अजून टिकून होतं. चाँदभाईला दिसत नाही एवढं एक वाक्य बाहेर पडलं असतं, की संपलं सगळं.

वैशाखात एका सकाळी शहादेव आला. जवळच्याच खेड्यातला, तिशीचा, हाताखाली टेम्पो आणि साऊंड. हैदराबादहून त्यानं जुनं डबल सीडीचं मशीन आणलं होतं. सीडी फिरायच्या खालच्या पेटीत, आणि टेबलावर ठेवायचा तो वेगळा, बटणांचा कंट्रोलर. तो कंट्रोलर त्यानं काउंटरवर आपटलाच.

"चाचा, प्लेचं बटण मेलं. दाबून दाबून नख निळं पडलं, पर गाणं सुटंना. आन् काल सुटलं तर कवा सुटावं? भटजी मंगलाष्टक म्हणतोय आन् माझ्या मशीनचं धडाड् धूम!"

"मग?"

"मग काय! नवरीच्या मामानं पायातली काढली."

चाँदभाई पोट धरून हसला. "बरं केलं. तुमच्या कानठळ्यांवर तेवढंच औषध हाय."

"हसू नका. उद्या नवरदेवाचा परण्या काढायचा हाय, मोठं घर हाय. नवा स्विच कवा मिळंल?"

"हैदराबादहून मागवावा लागतो. आठ दिवस."

"आठ दिवसांत सराई संपती की!"

चाँदभाईनं कंट्रोलरवरून बोटं फिरवली. एका कोपऱ्यातल्या बटणावर थांबून विचारलं, "हे कशाचं?"

"ते व्हय? गाण्याचं टायमिंग दाखवायचं. त्याला कोण इचारतंय."

"मग त्याच्या खालचा स्विच काढून प्लेला बसवू आन् प्लेचा त्याच्या जागी. जित्याला कामाला लावू, मेल्याला आराम देऊ."

"जमंल?"

"कुणाच्या दुकानात हुबा हायस बे?"

शहादेव खूश झाला. जाता जाता म्हणाला, "हे जमलं तर समद्या डीजेवाल्यांस्नी तुमच्याकडंच धाडतो चाचा. वैजनाथाची आण."

पडद्याआड चाँदभाईनं कंट्रोलर पालथा घातला, बिस्मिल्ला म्हणून चाचपडत दहा स्क्रू काढले. कोपऱ्यांतले चार लांब, मधले सहा आखूड. अजमतबीनं लांब चार बशीत ठेवले, आखूड सहा खोकल्याच्या औषधाच्या झाकणात. कंट्रोलरचं झाकण उघडलं तर आत काय नव्हतं? थर्मलच्या वीजकेंद्राची करडी राख, गुलाल, हळद. अक्षतांचा एक पिवळा दाणासुद्धा निघाला. "लोकांच्या लग्नाची अक्षता, आपल्या पदरात," ती म्हणाली. त्यानं हूं केलं.

तिनं ब्रशानं सगळं झाडलं. प्लेच्या स्विचचे चारी पाय एकेक करून तापवले, सुईनं हलके सोडवले. मग कोपऱ्यातल्या न वापरलेल्या स्विचचे. जागा बदलल्या, पुन्हा सोल्डर दिलं. प्रत्येक थेंब मोहरीएवढा, चकचकीत. चाँदभाई कान लावून बसला होता. तिनं बोटानं दाबलं, टक्.

"वाजला," तो म्हणाला. "कवळ्या शेंगेवाणी वाजला."

तेवढ्यात मागच्या दारातून गीताबाईची हाक आली. भाची सासरी निघालेली, ऐन वेळी तिची पोत तुटली, मणी ओट्यावर सांडलेले. "अजमत, अगं पाच मिनिटं ये! गाडी थांबलीय."

"मी आल्यावर मिटू," अजमतबी म्हणाली.

"जा तू. मिटायचं काम माझं हाय."

त्याच्या आवाजातली धार तिला कळली. ती गेली.

ओट्यावर बसून मणी ओवता ओवता तिचं चित्त मागं होतं. शेवटची गाठ मारून ती लगबगीनं परतली, तर चटई रिकामी. शहादेव लवकरच आला होता. कंट्रोलर पुढं काउंटरवर, त्यानं आणलेल्या पेटीला वायरी जोडलेल्या, बटणं लखलखतायत आणि शहादेव प्ले दाबून दाबून हरखून जातोय. "क्या बात हाय चाचा! लोण्यात बोट घातल्यावाणी. तुमच्या हाताला तोड न्हाई."

अजमतबीनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. कंट्रोलरची तिच्याकडची कड नीट बसली नव्हती. कोपऱ्यात केसाएवढी चीर. कोपऱ्यात आखूड स्क्रू गेलाय, म्हणून तो धरत नाही. मग लांब गेला कुठं? मधल्या एखाद्या भोकात. त्याचं टोक आत सर्किटला टेकत असणार.

एक शब्द पुरेसा होता. अजी, एकदा परत उघडा. पण शहादेव पुढं उभा. उघडायचं तर का ते सांगावं लागणार. स्क्रू कुणी चुकवला? का चुकवला? आणि चाँदभाईच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेलं हसू. मशीन चालतंय ना, तिनं मनाला सांगितलं. चालेल एक दिवस. उद्या काहीतरी निमित्त काढून परत बोलावू. तिनं पडदा सोडून दिला. देव माणसाला परीक्षेला बसवतो तेव्हा तास वाजवून सांगत नाही, हेच खरं.

दुसऱ्या दिवशी नवरदेव घोड्यावर, परण्या मारुतीच्या देवळाकडं निघालेला आणि टेम्पो खडीच्या रस्त्यावर चढला. दोन गचके बसले, कंट्रोलरमधून धूर निघाला आणि सगळं गप्प. उरला तो नुसता घोड्याच्या टापांचा आवाज. नवऱ्याच्या भावांनी शहादेवला टेम्पोवरून खाली ओढलं.

तो तिसऱ्या दिवशी आला, ओठ सुजलेला. दुसऱ्या गावच्या मिस्त्रीकडून त्यानं कंट्रोलर उघडवून आणला होता. त्यानं एक लांब स्क्रू काउंटरवर ठेवला.

"हा मधल्या भोकात निगाला. सर्किटची पाटी चिरत आत गेलता. मिस्त्री हसला मला. म्हणला, कुण्या आंधळ्याकडं दिलतं का काय?"

चाँदभाईनं स्क्रूकडं हात नेला. हात स्क्रूच्या शेजारी पडला, मग सरकत सरकत त्याच्यावर आला. शहादेव ते बघत होता. त्याच्या कपाळाला आठी पडायला लागली.

पडदा सरकला. आजवर गिऱ्हाइकापुढं कधी न आलेली अजमतबी डोक्यावरचा पदर ओढून उंबऱ्यात उभी राहिली.

"त्यो मी घातला," ती म्हणाली.

"तुमी?"

"हौ. माझ्या हातून झालं. त्यांचा काय दोष न्हाई."

शहादेव एकदा हिच्याकडं, एकदा चाँदभाईकडं बघू लागला. "चाचा, हे खरं हाय?"

अजमतबीनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. तो काय बोलेल हे तिला ठाऊक नव्हतं. एका मनाला वाटलं, तो म्हणेल, न्हाई, माझं चुकलं. दुसऱ्या मनानं अल्लाला विनवलं, तसं म्हणू देऊ नको.

"हौ," चाँदभाई म्हणाला. मग घसा साफ करून, जरा मोठ्यानं, "मी नमाजीला गेलतो. मागं हिनं मिटून टाकलं. बायकांची जात, धीर नसतो."

"आमी तुमच्या नावावर मशीन दिलतं चाचा," शहादेव म्हणाला. मारापेक्षा हे त्याला जास्त लागलेलं दिसलं. "चाचीच्या हातात द्यायचं व्हतं तर आदी सांगायचं. भाकरी न्हाई थापायची ती." कंट्रोलर काखेत मारून तो चालता झाला. स्क्रू तिथंच राहिला.

त्याच दुपारी गीताबाई मागच्या दारानं आली. गल्लीत बातमी पोचली होती.

"अगं, तवा तर तू माझ्या ओट्यावर मणी ओवत व्हतीस! खोटं कावून बोललीस?"

"हळू बोला भाभी."

"हळू कशाला? ज्यानं केलं त्यानं निस्तरावं की."

"त्यांना आंधळा म्हणला तो, त्यांच्याच दुकानात." अजमतबी खाली बघत म्हणाली. "बाई चुकली म्हणल्यावर लोक दोन दिवस हसत्यात. मिस्त्री आंधळा झाला म्हणल्यावर कोण येतंय?"

"आन् आता येत्यात व्हय?"

अजमतबीनं गीताबाईचा हात धरला. "तुमाला तुमच्या वैजनाथाची शपथ हाय भाभी. कुणापाशी बोलू नका."

गीताबाईचा सोमवार होता, उपासाचं तोंड. शपथ पडली ती पडली. तिनं ती पुष्कळ वर्षं पाळली.

गीताबाई बोलली तसंच झालं. डीजेवाले फिरकेनात. चाँदभाई मशीन बायकोकडून उघडवतो, ही गोष्ट परळीतून पार गंगाखेडपर्यंत गेली. जे खरं होतं ते खोट्याच्या पाठीवर बसून गावभर फिरलं. आणि एकदा चारचौघांत बायकोचा दोष म्हणून सांगितल्यावर चाँदभाईला मशीन पडद्याआड नेता येईना. राधाकिशन कापडवाल्यानं सकाळच्या अभंगांसाठी ठेवलेला जुना ट्रान्झिस्टर आणला, तो पुढंच राहिला. अजमतबी आत चटईवर बसून ऐकत होती. स्क्रू सुटले. सोल्डर तापलं. बराच वेळ काही आवाज नाही. मग कातडं भाजल्याचा वास आणि एक दबका सुस्कारा. ती अर्धी उठली आणि परत बसली. बोलावलं तर जायचं, असं तिनं ठरवलं होतं. त्यानं बोलावलं नाही. चार दिवसांनी त्यानं ट्रान्झिस्टर परत दिला. म्हणाला, पार्ट मिळत नाही.

दिवाळीच्या आत दुकान भाड्यानं गेलं. मोबाइलचं रिचार्ज करणारा कुणी तिथं बसू लागला. पडद्याच्या जागी पत्रा ठोकला.

चाँदभाईला भेटायला जुने लोक येत. चहा होई, आणि कुणी ना कुणी दुकानाचं काढी. मग तो सांगे. प्रत्येक वेळी गोष्टीत थोडी भर पडे. मी नमाजीला गेलतो. वारं सुटलं होतं. बशी आन् झाकण हिनंच हलवलं. "जाऊ द्या," शेवटी म्हणे, "बाईमाणूस हाय, मी कधी बोललो न्हाई तिला." पाहुणे मान डोलवत. म्हणत, चाँदभाई, तुमचा हात म्हणजे हात होता. अजमतबी चुलीजवळून कप गोळा करायला येई. रात्रीच्या पाचव्या नमाजीनंतर ती जास्तीच्या दोन रकात, नमाजीच्या दोन फेऱ्या, पढू लागली होती. त्या कशासाठी, ते त्यानं कधी विचारलं नाही.

एका दुपारी घरात दोघंच होती. ती भाकरी वाढत होती. तो मऊ आवाजात म्हणाला, "तेवढं मी येईपर्यंत थांबली असतीस तर."

तिचा हात जागीच थांबला. "अजी, इथं कुणी न्हाई. आपण दोघंच हाव."

"म्हणूनच म्हणतो. लोकांपुढं मी तुला कधी हिणवलं न्हाई."

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. हा सोंग करतोय, की याला खरंच तसं आठवतंय? एरवी माणसाच्या डोळ्यांत बघून कळतं. त्याचे डोळे तिच्या खांद्यावरून कुठंतरी भिंतीकडं लागले होते, रोजच्यासारखे, आणि त्याचा हात ताटात कालवणाची वाटी शोधत होता.

"चुकलं माझं," ती म्हणाली, आणि वाटी त्याच्या बोटांशी सरकवली.