बाबांचं ओलं पोतं अन् ट्रेलरचा एसी

मंडळी, आज लाखांदूरहून तांदूळ भरून निघालो. सोबत हौसेनं बाबा आले होते. ट्रेलर जुना आहे, पण एसी कालपर्यंत बरा होता. आज मात्र नुसती कोमट हवा!

सडकेच्या कडेला गाडी लावली. पट्टा ठीक, पंखाही फिरत होता. मग गाडीसमोर गेलो, तर पुढच्या जाळीवर ओलं पोतं बांधलेलं. एसीला बाहेरची हवाच मिळत नव्हती.

"बाबा, हे काहून बांधलं?"

केबिनमध्ये बसलेले बाबा डोळे मिटूनच बोलले, "ऐंशी सालाकडे आमी ट्रकच्या खिडकीले ओलं पोतं लावून धान नेऊ. आसगावच्या तळ्यात भिजवलं का सारी केबिन तळ्यावानी गार. तू तं काचाच उघडू देत नाही. मंग समोर बांधलं."

बोलता बोलता ते त्याच तळ्याकाठी पोहोचले असावेत. झोप लागली.

मी हळूच पोतं सोडलं अन् सीटमागं ठेवलं. गाडी निघाली. केबिन गार झाली, ओल्या तागाचा वास पसरला.

बाबांना जाग आली. तोंडावर गार हवा घेत हसले, "पाह्य, पोतं काम करून राहिलं!"

"हो बाबा," मी म्हटलं.

तुम्ही काय म्हटलं असतं?