सवतीची खंडेनवमी

आमच्या बेडरूमच्या कपाटात, माझ्या शर्टांच्या खाली, भिंतीला बोल्टनं आवळलेली एक लोखंडी तिजोरी आहे. तिच्यात जे पिस्तूल असतं त्याला माझी बायको सवत म्हणते. तिचं काही चूक नाही. लग्न करून ती इकडं नेदरलँड्सला, एनस्खेडेला आली पहिल्या लॉकडाऊनच्या जेमतेम आधी. सवत त्याच्या आधीपासून नांदत होती.

पिस्तूल म्हटलं की गावाकडच्या मित्रांना वाटतं मी इकडं येऊन भाई झालो. इथं प्रकार फारच सपक असतो. शूटिंग क्लबचं मेंबर व्हायचं, वर्षभर क्लबच्याच हत्यारांवर हात बसवायचा, पोलीस येऊन तिजोरी बघून जातात, मग परवाना. त्यानंतरही हत्यार एक तर तिजोरीत, नाही तर क्लबवर, नाही तर साफ करायला टेबलावर. चौथी जागा नाही. गोळ्या वेगळ्या कुलपात. पोलीस कधीही न सांगता बेल वाजवू शकतात. काही इकडचं तिकडं दिसलं की परवाना गेला, आणि परवाना गेला की क्लबचं दारही बंद.

ते दार मला महत्त्वाचं होतं. गेलो होतो उगाच, सांगोल्याच्या कॉलेजात एनसीसीत रायफल मारली होती आणि कॉम्प्युटर सोडून तेवढंच काय ते येत होतं म्हणून. राहिलो माणसांमुळे. ऑफिसातले डच लोक माझ्याशी इंग्रजीत बोलायचे, अगदी जपून, मी काचेचा असल्यासारखे. क्लबमधले डचमध्ये बोलायचे आणि चुकलं की तोंडावर हसायचे. मी त्यांच्या नकला करायचो. रेंजवरचा मास्तर घसा खरवडत ऑर्डर द्यायचा ती मी इतकी हुबेहूब द्यायचो की एकदा दोघांनी खरंच पिस्तुलं खाली ठेवली. मास्तरनं मला झापलं, आणि बिअर पाजली. या गावात मी एका शनिवारी दिसलो नाही तर चौकशी करणारी तेवढी एकच जागा होती.

पिस्तूल कुठलं घ्यायचं यावर मी वर्षभर डोकं खाल्लं होतं. मला हवं होतं क्लबमधल्या ऑस्ट्रियन पिस्तुलासारखं, प्लास्टिक बॉडीचं. हलकं, बुटकं, घोडा दर वेळी सारखाच दाबला जातो, आणि वर्षभर विसरलात तरी तक्रार नाही. पण हलकं असल्यामुळे बार उडाला की नळी वर उसळते, आणि घोड्याचा दाब स्पंजावर बोट ठेवल्यासारखा. शेजारच्या लेनमध्ये एक पेन्शनर आजोबा होते. त्यांच्याकडे चेक बनावटीचं, तेवढ्याच मापाचं, पण सगळं पोलादी. पहिला दाब लांबलचक आणि जड, पुढचे एकदम हलके. वजनामुळे हातात गप बसतं. वरचा सरकता भाग बॉडीच्या आत धावतो, त्यामुळे मागं ओढायला चिमटीएवढीच जागा, आणि माझी बोटं ही अशी जाड. प्लास्टिकवालं ओढलं की ‘चट्टाक’ असा फाटका आवाज. हे म्हणायचं ‘क्लुक’. विहिरीत खडा टाकावा तसं. मी आवाजाला भुललो. आजोबांचे हात थरथरायला लागले होते, त्यांनी ते माझ्या परवान्यावर चढवून दिलं आणि एवढंच सांगितलं, “तेल. ही कोरडी राहिली की रुसते.” वरचा निळसर काळा मुलामा त्यांच्याच हातात झिजला होता. उघड्या पोलादाला घामाचं बोटसुद्धा चालायचं नाही.

मग सगळं बंद झालं. क्लब बंद. ऑफिस म्हणजे जेवणाचं टेबल. मी दर रविवारी न चालवलेलं पिस्तूल साफ करायचो. मॅगझिन काढायचं, नळी रिकामी आहे हे दोनदा बघायचं, खिळा ढकलून वरचा भाग सोडवायचा, स्प्रिंग, नळी, ब्रश, फडकं, तेलाचा एक थेंब. मग परत जोडायचं. क्लुक.

“आली का न्हाऊन?” बायको स्वयंपाकघरातून विचारायची.

“आली.”

“तेल जरा कमी लावत जा. पोह्यांना वास येतो.”

सुरुवातीला मी तिला मॅनेजरची, घरमालकाची नक्कल करून दाखवायचो. ती हसायची. उन्हाळ्यापर्यंत साठा संपला. नवीन माणूस भेटेल तर नवीन नक्कल. भेटायचे ते मास्क लावून, आणि मास्कमागं सगळे सारखेच. मी माणूस तोंडावरून उचलतो. मग मी बोलणंच कमी केलं. तीही. तिची नोकरीची मुलाखत पुढं गेली, मग आणखी पुढं, मग त्या लोकांनी मेल पाठवणं बंद केलं. ती ऑनलाइन डच शिकायची आणि भिंतीकडे बघून वाक्यं म्हणायची. माझी सायकल लाल आहे. माझी बहीण आजारी नाही.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. तिच्या वडिलांचं भोसरीला लेथचं वर्कशॉप आहे. तिच्या घरी हा सण दिवाळीपेक्षा मोठा. लेथ धुऊनपुसून, हळद-कुंकू वाहून शटर ओढतात, आणि दसऱ्यापर्यंत मशीनला कोणी हात लावत नाही. मशीनलाही एक दिवस मिळाला पाहिजे. त्या सकाळी कित्येक महिन्यांनी ती माझ्या आधी उठली होती. हॉलमधल्या दोन्ही सायकलींना कुंकू, मिक्सरला कुंकू, सुऱ्या-विळी एका ओळीत, लॅपटॉप बंद करून त्यावर सुपरमार्केटातली शेवंती. रविवार होता, नाही तर लॅपटॉपला कुठली सुट्टी.

“ती पण आण,” ती म्हणाली.

“कोण?”

“सवत. हत्यारांचा दिवस, आणि घरात खरं हत्यार ते एकच. विळीची पूजा करायची आणि तिला कपाटात कोंडायचं, बरं दिसतं का ते?”

ती त्याला हात लावायला तयार होईल असं मला वाटलंच नव्हतं. मी पटकन आणलं, उघडून रिकामं दाखवलं, पाटावर ठेवलं. तिचे वडील व्हिडिओ कॉलवर होते.

“जावईबापू, नळी तिकडं करा. देवाकडं नको.”

“रिकामं आहे, बाबा.”

“आमचा फिटर पण असंच म्हणायचा.”

मी नळी भिंतीकडे फिरवली. तिनं कुंकू पाण्यात कालवलं आणि वरच्या पोलादावर बोटानं स्वस्तिक काढलं. अगदी मन लावून, जीभ दातांत धरून. हळद, अक्षता, एक शेवंती. हात जोडले. मी पुसायला फडकं घेतलं तर तिनं माझं मनगट धरलं.

“उद्यापर्यंत हात लावायचा नाही.”

“अगं, हे असं बाहेर नाही ठेवता येत. कायदा आहे. तिजोरी, क्लब नाही तर साफसफाई. त्यात पाट बसत नाही.”

“आमच्यात पुसायचं बसत नाही.”

भांडायला अंगात जीव असावा लागतो. शेवटी तिनं स्टीलच्या ताटलीत फूल-अक्षतांसकट ते ठेवलं आणि पाळण्यात मूल ठेवावं तशी ताटली तिजोरीत सरकवली. मी कुलूप लावलं. कायदाही खूश, सासरेही खूश. उद्या दुपारी काढून तेल लावू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला ताप होता. त्याच्या पुढच्या दिवशी तिला. टेस्ट केली, दोघंही पॉझिटिव्ह. डॉक्टर फोनवर म्हणाला पॅरासिटामॉल घ्या, त्याची नक्कल करायचीही ताकद नव्हती. दिवस कसे गेले सांगता येत नाही, पडद्यामागं उजेड यायचा आणि जायचा. तिला वास येईनासा झाला. फोडणी जळली तरी तिला कळलं नाही, ती त्या कढईसमोर उभी राहून रडली. क्लबचे आजोबा एकदा दाराशी वाटाण्याच्या सूपचं भांडं ठेवून, बेल वाजवून फुटपाथवर जाऊन उभे राहिले. मी खिडकी उघडली. त्यांनी आधी बायकोची चौकशी केली, मग पिस्तुलाची. दोघी बऱ्या आहेत म्हणालो. दोन्ही खोटं होतं, पण पिस्तुलाचं मला माहीत नव्हतं.

तीनेक आठवड्यांनी, आम्ही घरात चालायला लागलो होतो तेव्हा, बेल वाजली. उंच, मास्क लावलेली पोलीसबाई. वार्षिक तपासणी.

“कोणाला लक्षणं?”

“आता नाहीत.”

तिनं बूट पुसले. मी कपाटापर्यंत गेलो, शर्ट बाजूला केले, किल्ली फिरवली, आणि दार उघडता उघडता मला ताटली आठवली.

शेवंतीचा काळा चिखल झाला होता. तांदूळ पिवळे. कुंकू वाळून तपकिरी, आणि जिथं स्वस्तिक होतं तिथं पोलादावर गंज फुलला होता. पोलीसबाई एक पाऊल मागं गेली. तिचा हात कुठं गेला ते मी बघितलं नाही.

“हे रक्त आहे?”

माझं सगळं डच पळून गेलं. डोक्यात फक्त तिचाच आवाज वाजत होता, तो जड हेल, हे रक्त आहे, हे रक्त आहे. तोंड उघडलं असतं तर तिची नक्कल बाहेर पडली असती, म्हणून मी ते मिटून धरलं. कानाशी रेंजवरच्या मास्तरचा घसा, शनिवारची बिअर, फुटपाथवरचे आजोबा, सगळं निघून चाललेलं ऐकू येत होतं.

मागून बायको बोलली. सावकाश, भिंतीला म्हणायची तशी वाक्यं.

“हे रक्त नाही. हा रंग आहे. वर्षात एकदा आम्ही अवजारांचे आभार मानतो. सुरी. सायकल. मिक्सर. हे पण. मग ती एक दिवस विश्रांती घेतात.” ती दम लागून थांबली. “आम्ही आजारी होतो. ह्याची विश्रांती जास्त झाली.”

“सायकल पण?”

बायकोनं हॉलकडे बोट केलं. पोलीसबाई गेली, दोन्ही हँडलांवरचे वाळलेले टिळे वाकून बघितले, येताना ओट्यावरच्या मिक्सरकडेही नजर टाकली. परत येऊन पिस्तुलाचा नंबर वाचायला मागितला. तो कुंकवाखाली होता. मी अंगठ्यानं घासला. जुळला.

“तिजोरी बंद होती,” ती म्हणाली. “गोळ्या वेगळ्या आहेत. नंबर बरोबर.” परत एकदा ताटलीकडे बघितलं. “पण हत्यार असं ठेवत नाहीत. साफ करा. आजच.”

ती गेल्यावर आम्ही दोघं पलंगावर बसलो, तिजोरीचं दार न लावता.

“गप्प बसली असतीस,” मी म्हणालो, “तर गेली असती तुझी सवत.”

“माहितीये.”

“मग?”

“पूजा केलेल्या वस्तूला असं हाकलतात का?” तिनं डोळे मिटले. “आणि क्लब उघडला की शनिवारी तू कुठं गेला असतास? बसला असतास इथंच, माझ्या डोक्यावर.”

मी टेबलावर जुना टॉवेल पसरला. खिळा ढकलला, अडकला, परत ढकलला. ती जुना टूथब्रश घेऊन समोर बसली आणि खाचांतली हळद खरवडायला लागली. गंज बराच निघाला, स्वस्तिकाचा एक पाय राहिला. तो अजूनही आहे. क्लब उघडल्यावर आजोबांना दाखवावा लागेल, आणि काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

तिनं तेलाची बाटली उघडून नाकाशी धरली. बराच वेळ धरली.

“येतोय का?” मी विचारलं.

“नाही.”

बोटावर एक थेंब घेऊन परत हुंगला. मान हलवली आणि बाटली माझ्याकडे सरकवली.

“घाणच येत असणार पण,” ती म्हणाली. “खिडकी उघड.”