एम्बसीचा फोन आणि निडीचा पेंढा

पेणच्या आमच्या गणपती कारखान्यात किस्से शाडूच्या धुळीसारखे साठतात. एक झाडायला जावं, तर चार अंगावर! माणसं तीनच. मालक नाना, मूर्तीचे डोळे आखणारी सुलभा आणि रंग घोटणारा मी म्हातारा.

*

रोह्याला सरकारने एक्स्पोर्टची मीटिंग लावली. साहेब म्हणाले, "तुमचा माल खपावा म्हणून सरकार परदेशात एवढा खर्च करतं. एम्बसीत खास ऑफिसर बसवलेत!"

नाना उठले. "साहेब, त्यातला एक पेणला बसवा. शेजारच्या कारखान्याची गिऱ्हाइकं इकडं वळवायचीत!"

*

त्यातल्याच एका एम्बसीच्या ऑफिसरने ऑस्ट्रेलियातल्या प्रदर्शनात आमचा गणपती सरकारी खर्चाने मांडला. लोक यायचे, चपला काढायचे, हात जोडून जायचे. भाव कोणीच विचारेना! बाजूच्या लोणचेवाल्याचा माल मात्र दुपारीच संपला.

सुलभा म्हणाली, "देव आपला नि प्रसाद त्याचा! बरा हाय धंदा!"

पण तिथल्या मराठी मंडळींनी मूर्ती पाहिली आणि अख्ख्या कंटेनरची ऑर्डर आली.

*

तेव्हापासून एम्बसीचा फोन आला की नाना उभं राहून बोलत. मला राहवतंय होय? नातवाचा मोबाइल घेऊन मागच्या खोलीतून आवाज जाड केला. "हॅलो, एम्बसी से! साहब को मूंछवाला गणपती चाहिए!"

"व्हय साहेब! गो सुलभा, मिशीचा ब्रश काढ!"

मी फसकन हसलो आणि पकडलो गेलो.

*

कंटेनर गेला आणि तिकडच्या बंदरात अडकला. मूर्तींना धक्का लागू नये म्हणून आम्ही निडी गावाहून आणलेला भाताचा पेंढा ठासला होता. त्यातून कीड येते म्हणून त्या देशात पेंढ्याला बंदी! चतुर्थी आठवड्यावर. चतुर्थी टळल्यावर गणपती घेतो कोण? नानांची सगळी पुंजी त्या कंटेनरात. ते जेवेनात. माझीही मस्करी आटली.

चौथ्या दिवशी चहाच्या वेळी फोन वाजला. "एम्बसीतून बोलतोय. तुमचा कंटेनर सुटला!"

"गप रे थेरड्या!" नाना कडाडले. "इथं जीव जायची पाळी आली नि तुला..."

तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. मी समोरच बसलेला, चहात बुडवलेला बटर तोंडात!

नाना ताडकन उभे राहिले. डोळ्यांत पाणी, हात जोडलेले, फोन खांद्यात. "साहेब... चुकलो... म्या समजलो..."

पलीकडून आधी शिंक आली, मग आवाज. "थेरडा म्हणा, चालेल! पण पेंढा उपसून आमचं अख्खं ऑफिस शिंकतंय. पुढच्या वर्षी कागद ठासा!"